आदरणीय वर्गणीदार

आमच्या वहिनीसमोर घरात कॉम्प्युटर हा शब्द काढायची सोय नव्हती. चप्पल काढून, हातपाय धुऊन ती एकदा खुर्चीत टेकली, की कुणी काही विचारायचा अवकाश, ताडकन उठून स्वयंपाकघरात जायची आणि भांडी आपटायला लागायची. "दिवसभर तेच करून आलेय. आता मला छळू नका!" माझ्या दादाशी लग्न होऊन तिचा निम्मा जन्म गेला, पण या बाबतीत नवऱ्यालाही सूट नव्हती.

तिचं कामच तसं आहे. घरगुती कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम बनवणाऱ्या एका कंपनीत ती वर्गणीदारांच्या प्रश्नांना उत्तरं देते. पत्रं लिहायचा प्रोग्रॅम, चित्रं काढायचा, फोटो लावून ठेवायचा, असले. वर्षाची वर्गणी भरली की माणसाने हवं ते मेलवर विचारावं, दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. फक्त कुणाचं नाव कुणाला कळत नाही. कंपनीचा तसा नियम आहे. वहिनीला दिसतो तो वर्गणीदाराचा क्रमांक आणि त्याखाली प्रश्न. ती "आदरणीय वर्गणीदार" म्हणून सुरुवात करते आणि खाली "मदत विभाग" लिहून मोकळी होते.

एका लांबट खोलीत चौघं बसतात. खिडक्या उघडत नाहीत, पाण्याचं यंत्र सारखं गुरगुरतं. छपाई अडली की कोपऱ्यातला टकलू, आवाज येईना की चष्मेवाली, असं वाटून घेतलेलं. "माझी फाईल गेली", "माझी फाईल बिघडली" हे सगळं रडगाणं वहिनीच्या वाट्याला. उत्तरं मीही देते म्हणा, बस डेपोच्या चौकशी खिडकीत बसून. पण माझं उत्तर म्हणजे "समोर पाटी आहे, वाचा की!" वहिनी मात्र समोरचा माणूस घाबरलेलाच आहे असं धरून लिहिते. घाई करू नका. मी सांगते तसं एकेक करा. आणि शेवटी, न चुकता, "आधी एक प्रत वेगळी काढून ठेवा." कुण्या बाईने स्क्रीनचा उजेड स्वतःच कमी केला होता आणि सगळे फोटो गेले म्हणून टाहो फोडला होता. तिलाही वहिनीने "बाई गं" न म्हणता पानभर समजावलं. मी असते तर दोन शब्दांत वाटेला लावली असती.

दादा मोजणी खात्यात नकाशे काढायचा. निवृत्त झाला आणि बसल्या बसल्या एक खूळ डोक्यात घेतलं: आम्ही लहानपणी राहायचो त्या गल्लीचा नकाशा, नुसत्या आठवणीवर. कुठे बेकरी, कुठे शिंपी, कुठे सार्वजनिक नळ, कुणाच्या दारात कुठलं झाड. ती गल्ली आता राहिलेली नाही. तिथून मोठा रस्ता गेला. दादा म्हणायचा, "टिटवे, आपण दोघं गेलो की ती गल्ली कुणाच्याच डोक्यात उरणार नाही. त्याच्या आत कागदावर यायला हवी." माझा आवाज असा आहे म्हणून मी टिटवी. वाढदिवसाला मीच त्याला चित्रांचा प्रोग्रॅम घेऊन दिला, वर्गणीही माझ्याच नावावर भरली.

पहिल्याच आठवड्यात गाडी अडली. रेघा जुळेनात. वहिनीला विचारलं, भांडी आपटली. तेव्हा दादाने मला कोपऱ्यात घेतलं आणि डावा डोळा मिचकावला. लहानपणापासूनची खूण, आता काहीतरी बदमाशी होणार अशी. म्हणाला, "नवरा म्हणून विचारलं तर ओरडते. वर्गणीदार म्हणून विचारतो. मग कशी नाही म्हणेल?"

तसं त्याने विचारलं. अगदी सरकारी थाटात, "सविनय कळविण्यात येते की". नकाशा हा शब्द टाळून नुसतं "माझे चित्र". दुसऱ्या दिवशी उत्तर आलं आणि खाली ते "आधी एक प्रत वेगळी काढून ठेवा." आम्ही पोट धरून हसलो. दादाने ते पत्र छापून टेबलाच्या खणात ठेवलं. "एवढ्या संसारात पहिल्यांदा आदरणीय म्हणाली बघ!" त्यानंतर तो खेळच झाला. संध्याकाळी वहिनी दमून खुर्चीत बसलेली, आणि तिच्या पाठीमागून दादा मला डोळा घालतोय. मी दोन गल्ल्या सोडून राहते, रोज संध्याकाळी चहाला तिथेच. हसू दाबून दाबून माझा चहा नाकात जायचा.

मग एका संध्याकाळी वहिनी यायच्या आत दादाने मला दार लावून घ्यायला सांगितलं. चेहरा उतरलेला. "टिटवे, माझ्या फाईलीत कुणीतरी शिरतंय."

"शिरतंय म्हणजे?"

"हे बघ."

नकाशात बेकरी दोनदा काढलेली होती. एक तिच्या जागी, एक गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. आमच्या घरासमोरचा नळ शिंप्याच्या दारात गेला होता. आणि आमचं घर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. सगळं त्याच्याच हातच्या त्या सुबक, बारीक रेघांत. "हे मी काढलेलं नाही," तो म्हणाला. दुसऱ्याच्या घरात येऊन कुणी वस्तू चोरील, पण त्याचं लहानपण इकडचं तिकडे करून काय मिळणार?

मला लगेच वरचा भाडेकरू सुचला. एकटा माणूस, जिन्यात आवाज न करता चढतो, आणि अडीनडीला असावी म्हणून घराची एक किल्ली त्याच्याकडे दिलेली. मी पदर खोचून वर निघालेच होते. दादाने अडवलं. "आधी मदत विभागाला विचारतो."

वर्गणीदाराने विचारलं: माझ्या गैरहजेरीत कुणी माझी फाईल बदलते, उपाय सांगावा. मदत विभागाने सांगितलं: फाईलीला पासवर्ड लावा, तो कुणाला सांगू नका.

दादाने लावला. काही दिवसांनी फाईल उघडेना. त्याचं म्हणणं, चोराने पासवर्डच बदलला. मदत विभागाने ते कुलूप काढून दिलं आणि त्याहून भक्कम सांगितलं. तेही बदललं गेलं. मग तिसरं, जरा वेळ हात लावला नाही की कॉम्प्युटर आपणच बंद होऊन पुन्हा पासवर्ड मागणारं. दादा चहा प्यायला उठला तरी परतल्यावर त्याला स्वतःच्याच दारात उभं राहावं लागायचं. त्याने बाहेरच्या दाराचंही कुलूप बदललं, भाडेकरूची किल्ली काढून घेतली. तो बिचारा तेव्हापासून आमच्याकडे बघेनासा झाला. आणि मला वाटलं, बघा, खाई त्याला खवखवे! देवा, काय माझी अक्कल.

घरभर दादाच्या पासवर्डच्या चिठ्ठ्या सापडायला लागल्या. छत्रीत एक, बुटात एक. साखरेच्या डब्यातून वहिनीने एक काढली आणि दादाच्या नाकासमोर धरली. "अहो, हे काय? नळासमोरचं घर? साखरेत?" दादा गोरामोरा झाला. "माझं चित्राचं टिपण आहे," म्हणाला. "टिपणं साखरेत कोण ठेवतं? मुंग्या वाचतील!" असं म्हणून ती स्वतःच हसली.

कामावरच्या गमती मात्र ती सांगायची. प्रश्न घ्यायचे नाहीत, किस्से सांगायचे, असा तिचा न्याय. एकदा चहा ओतता ओतता म्हणाली, "एक वर्गणीदार आहे बिचारा. कुणीतरी हात धुऊन पाठीमागे लागलंय त्याच्या. मी कुलुपांवर कुलुपं देतेय आणि तो चोर प्रत्येक वेळी आत शिरतोय. मला तर आता जाता-येता तो वर्गणीदारच दिसतो."

मी दादाकडे पाहिलं. आता डोळा घालील म्हणून ओठ चावून तयार राहिले. पण तो कप खाली ठेवून गंभीरपणे म्हणाला, "अरेरे. एकटाच राहतो का तो?"

काय नट आहे, असं मला वाटलं. मी ठसका लागल्याचं सोंग करून उठले.

त्या वर्गणीदाराला मग वहिनीने नवीनच काम सांगितलं. फाईल बदलली की प्रोग्रॅम त्याची वेळ टिपून ठेवतो, ती कुठे दिसते ते तिने समजावलं. प्रत्येक वेळेसमोर तेव्हा घरात कोण होतं ते लिहून पाठवा, म्हणजे तो माणूस कोण ते तुम्हालाच कळेल. मला सुट्टी होती, मी दादाशेजारी बसले. म्हटलं, आता सापडतोय बदमाश. दादा वेळ वाचायचा, मी आठवायची. वहिनी कामावर, मी डेपोत. पुढची वेळ, पुन्हा तेच. वरचा भाडेकरू तर त्यातल्या कितीतरी दिवशी गावातच नव्हता, मीच त्याला गाडीची वेळ सांगितली होती. प्रत्येक वेळी घरात एकटा दादा, आणि तोही कॉम्प्युटरसमोर. प्रत्येक वेळेसमोर त्याने नुसतं "मी एकटा" लिहिलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. डोळे मोठे झालेले. हळूच, जणू चोर ऐकत असावा तसं म्हणाला, "म्हणजे मी इथे बसलेलो असताना येतो, टिटवे. केवढा धीट!"

दिवसभर काचेआडून जगाला सुनावणारी मी, त्या वेळा पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागले. तो तेच वाक्य उत्तरात लिहीत होता, बोटं एकेक अक्षर शोधत होती. उद्या वहिनीला गाठून सगळं सांगायचं, असं मी ठरवलं. खेळ पुरे झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तर वहिनी स्वयंपाकघरात नुसतीच उभी. भांड्यांचा आवाज नाही. दादा आतल्या खोलीत होता.

"वन्सं," ती म्हणाली, "त्या वर्गणीदाराचं सांगत होते ना मी? चोर नाहीये हो तिथे. तोच आहे. स्वतः बदलतो आणि विसरतो. पासवर्डही स्वतःच बदलतो आणि विसरतो. आणि मी शहाणी, विसरणाऱ्या माणसाला कुलुपांवर कुलुपं देत गेले. त्याच्याच घराबाहेर काढलं मी त्याला." तिने नळाखाली नुसताच हात धरला. "एवढी वर्षं फाईली बघतेय, पण माणूस काही दिसला नाही मला."

मी तोंड उघडलं. पण कशी सुरुवात करायची? गंमत होती म्हणून? "मग उत्तर काय दिलंस?" एवढंच निघालं.

"काय देणार? मी कोण, तो कोण. लिहिलं, यावर उपाय कॉम्प्युटरमध्ये नाही. हे पत्र एकट्याने वाचू नका, घरातल्या माणसाला दाखवा." तिने पदराने डोळे पुसले. "त्याच्या घरात कुणीतरी असू दे हो. कुणीतरी त्याचं ऐकून घेणारं असू दे."

"वहिनी, अगं, तो..."

तेवढ्यात दादा दारात येऊन उभा राहिला. हातात छापलेला कागद, नीट घडी घातलेला. ओरडा बसणार हे माहीत असलेल्या मुलासारखा चाचरत म्हणाला, "अगं, चिडू नकोस. तुला घरात विचारलेलं आवडत नाही ते ठाऊक आहे मला. पण त्या मदत विभागाच्या बाई आहेत ना, फार चांगल्या आहेत. सगळं समजावून सांगतात. त्या म्हणाल्या, हे घरातल्या माणसाला दाखवा. म्हणून आलो."

मी त्याच्या डाव्या डोळ्याकडे बघत राहिले. आता मिचकावेल. आता. दादा, बस झालं रे, मिचकाव की! त्याने नाही मिचकावला. त्याला खरंच माहीत नव्हतं त्या बाई कोण ते.

वहिनीने कागद घेतला. पहिल्याच ओळीवर तिची नजर थांबली. पुढचं तिला वाचावं लागलंच नाही, ओठ आपोआप हलत होते. मला वाटलं, ही आता मोडून पडणार. पण तिने ओला हात साडीला पुसला, कागदाची होती तशी घडी घातली आणि म्हणाली, "चला. कुठे अडलंय, दाखवा मला."

दादाचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. लगबगीने जाऊन तो खुर्चीत बसला. वहिनी शेजारी स्टूल ओढून बसली, त्या घरात पहिल्यांदाच. स्क्रीनवर पासवर्ड मागणारी रिकामी चौकट होती. दादाने बोटं पुढे केली, मागे घेतली. खिसे चाचपले.

"बघ," तो म्हणाला, "हे कुलूप त्यानेच लावलंय."

वहिनीने त्याचा हात हातात घेतला.

"त्याने नाही हो," ती म्हणाली. "मी लावलंय."