बोटानं फिरवलेली गाणी

बसू गेल्याचा निरोप घेऊन त्याचा पुतण्या आला, तेव्हा मी ओसरीवर दाढी करत होतो. वस्तरा तसाच हातात राहिला. रडू आलं नाही; आधी राग आला, आणि तो स्वतःचाच. त्याला एक गोष्ट सांगायची राहून गेली होती, इतकी वर्षं राहून गेली होती... आता ती सांगायची कुणाला? महिना झाला, मला एका जागी बसवत नाही.

येडशीत बसूच्या वडिलांचं किराण्याचं दुकान होतं, पण हा तिथं कधी सापडायचा नाही. रामलिंगाच्या रानात जाऊन काडेपेटीशिवाय जाळ करायचा, हा त्याचा नाद. गारगोटीवर पोलादाचा तुकडा हाणायचा, ठिणगी सावरीच्या कापसावर धरायची, आणि फुंकर मारता मारता तंबूतल्या सिनेमात ऐकलेलं गाणं गुणगुणायचं. दोन्ही एका तोंडानं कसं जमतं, असं विचारलं की म्हणायचा, तुला एकही जमत नाही म्हणून तुला नवल वाटतं. मामानं हैदराबादहून फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, आणून दिल्यावर तर त्याला जेवणाचीही शुद्ध राहिली नाही. महायुद्धामुळं फोनोच्या पिना मिळेनाशा झाल्या, तेव्हा या पठ्ठ्यानं बाभळीचा काटा लावला. दर तबकडीला काटा दगडावर नव्यानं घासावा लागे. आवाज बारीक यायचा, पण गोड. मला गाण्यातलं काही कळत नसे; काटे तोडून आणण्यापुरता मी त्याचा साथीदार.

निजामाच्या राजवटीचं ते शेवटचं वर्ष. धाड येणार अशी आवई उठली आणि आम्ही चार-पाच घरं रानातल्या घळीत जाऊन राहिलो. सगळ्यांनी जोंधळ्याची पोती आणली. बसूनं डोक्यावर फोनो आणला. त्याच्या आईनं कपाळावर हात मारून घेतला. पण चुलीला जाळ तोच करायचा, वाळकी बोरीची लाकडं निवडून, धूर वर दिसणार नाही असा. त्यामुळं त्याला फार कुणी बोलेना. तिसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला,

"एकच तबकडी लावतो. पोरं लई भेदरल्यात. काट्यानं आवाज लांब जात न्हाय."

माझ्या बहिणीचे दिवस भरत आले होते. पळायची वेळ आली असती तर तिला पळवता आलं नसतं. मी नको म्हणालो, त्यानं हसण्यावारी नेलं. तो काटा आणायला गेला आणि मी फोनोला चावी द्यायचा दांडा पिशवीतून काढून खालच्या डोहात फेकला. बसूनं सारी घळ पालथी घातली. येताना वाटेत पडला असेल, असं शेवटी त्याचा तोच म्हणाला. मी मान डोलावली... दांडा फेकल्याचं मला वाईट वाटत नाही. ती मान डोलावलेली बोचते.

बहीण सुखरूप बाळंत झाली, राजवट गेली, आम्ही घरी आलो. तसला दांडा पुन्हा मिळाला नाही. बसूनं लाकडाचे करून पाहिले, ते निसटायचे. मग त्यानं तबकडी बोटानंच फिरवायला सुरुवात केली, आणि हात असा बसवला की सूर हलेना. पुढं घरोघर रेडिओ आले, तरी संध्याकाळी ह्याचं बोट चालूच. दांडा रानात कसा हरवला, ते पाहुण्यांना रंगवून सांगायचा, आणि मी शेजारी चहा पीत बसायचो. शेवटच्या भेटीत सांगायचंच म्हणून गेलो होतो. त्याला दम लागत होता. मी पावसापाण्याचं बोलून परत आलो. निव्वळ भेकडपणा.

परवा त्याच्या घरी गेलो. पार्वतीवहिनींनी, त्याच्या बायकोनं, फोनो पुढ्यात आणून ठेवला. नातवंडांनी खटपट केली पण कुणालाच जमेना, तुम्ही रोज बघत होतात, तुम्हाला येईल, असं म्हणाल्या. मी काटा बसवला, बोट टेकवलं. गाणं आधी रडकं निघालं, मग धावत सुटलं, मग कसंबसं चालू लागलं. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. मला राहवेना. बोट थांबलं, आणि मी सगळं सांगून टाकलं, डोहापर्यंत.

वहिनी डोळे न उघडताच म्हणाल्या,

"भाऊजी, गाणं मधीच थांबलंय. फिरवा."