कुंकवाखालचं पदक

माझे मोठे काका जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण त्यांच्यावरचा माझा राग अजून शाबूत आहे. तो सोडायची मला काही घाई नाही.

काका जबलपूरच्या तोफांच्या फॅक्टरीत फोरमन होते, राहायला कांचघरला. दर खंडेनवमीला फॅक्टरीतली मराठी मंडळी त्यांच्याकडे जमायची. पाटावर हातोडी, पाने, कानस मांडलेली असत आणि सगळ्यांच्या मधोमध आमच्या दीक्षितपुऱ्यातल्या घरून नेलेलं एक पदक.

ते माझ्या आईच्या वडिलांचं. गोऱ्यांच्या फौजेत ते खेचरं हाकायचे. एकोणीसशे एकोणीस साली काबूलच्या अमिराशी इंग्रजांची लढाई झाली तेव्हा तिकडे गेले ते गेलेच. आई तेव्हा पोटात होती. पुढे त्यांच्या एका सोबत्याने चिंधीत गुंडाळून हे पदक आजीच्या हातात आणून ठेवलं. बापाचं म्हणून आईजवळ एवढंच होतं, फोटोसुद्धा नाही.

एरवी ते आमच्या देवघरात असायचं. त्याच्यावर एक कमान होती, तिला आम्ही देऊळ समजायचो. आई रोज तिला कुंकू लावी. वर्षानुवर्षांच्या थरांनी बाकीचं सगळं बुजून गेलं होतं. मागे उर्दूसारखी अक्षरं होती, पण तशी जुन्या रुपयावरही असत, म्हणून कोणाला शंका आली नाही. काका तर छाती फुगवून सांगायचे, "आमच्या घरातल्या माणसाला सरकारनं दिलं हे!" भावजयीचा बाप, ज्याला यांनी कधी पाहिलंही नाही, तो बरोबर खंडेनवमीला यांच्या घरातला व्हायचा.

एकाहत्तरची लढाई सुरू झाली. फॅक्टरी रात्रंदिवस चालू, घराघरांच्या काचांना काळे कागद. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. शाळेने जवानांच्या मदतीसाठी प्रदर्शन ठरवलं, तेव्हा मी मोठ्या ऐटीत पदक घेऊन गेले आणि मागचं वाचून घ्यावं म्हणून आमच्या वयस्क उर्दू मास्तरांपुढे ठेवलं. त्यांनी खोबरेल लावून काडीने हळूहळू कुंकू सोडवलं. कमानीत पायऱ्या दिसल्या, बाजूला झेंडे दिसले.

"बेटी, ये मंदिर नहीं, मस्जिद है," ते म्हणाले. "ये मेहराब, ये मिंबर की सीढ़ियाँ, जिन पर से इमाम बोलते हैं. काबुल के अमीर का तमगा है, उनकी अपनी फ़ौज का. मैंने उम्र में एक ही बार देखा था, बहुत कम मिलता है."

"पण मग आमच्या आजोबांकडे कसं आलं?"

"ये इस पर नहीं लिखा," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत बातमी कांचघरला पोचली आणि काका दारात हजर. आमच्याकडे थोरला दीर भावजयीशी थेट बोलत नसे. आई समोर डोक्यावर पदर घेऊन उभी असली तरी ते मलाच सांगत.

"सांग आईला, दुश्मनाची वस्तू आहे ही. बाहेर लढाई चालून राहिली, मी फॅक्टरीचा माणूस, कोणी कंप्लेंट केली तर? ग्वारीघाटावर जा अन् टाकून दे नर्मदेत."

लढाई पाकिस्तानशी, पण ह्यांना कराची काय नि काबूल काय, सारखंच. एवढ्यावर थांबते तरी मी गिळलं असतं. पण वर म्हणाले, "मेलेल्याच्या छातीवरून ओरबाडलं असेल. खेचरं हाकणारा माणूस, दुसरं काय करेल?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं त्या खेचरं हाकणाऱ्याच्या जिवावर मिरवलं कोणी? मी तोंड उघडलं तर मला म्हणाले, "तू चूप बस."

आईने पदक टाकलं नाही. पुसून देवघरात ठेवलं, पण कुंकू लावलं नाही. मी विचारलं, "काहून?"

"त्यांच्यात कुंकू चालते का, विचारून ये तुझ्या मास्तरांना. तोवर नुसतं फूल ठेवते."

लढाई आपण जिंकलो. पुढच्या खंडेनवमीला काका ताट घेऊन दारात उभे, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. "सांग आईला, ते पदक दे म्हणा. दुश्मनाचं जिंकून आणलेलं आहे, असं सांगू मंडळींना." लाज कशाशी खातात हे ह्या माणसाला ठाऊक नव्हतं.

मी काही बोलायच्या आत आई पुढे झाली. जन्मात पहिल्यांदा ती त्यांच्याशी थेट बोलली.

"भाऊजी, माझ्या बापाला ते कोणी दिलं का त्यानं ओरबाडलं, मला माहीत नाही. ओरबाडलं असेल, तर तिकडेही एखादी पोरगी बापाची वाट पाहत बसली असेल. मला निदान हा बिल्ला तरी मिळाला. तिला काय मिळालं?"

काकांनी आईकडे पाहिलंच नाही. सवयीप्रमाणे माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणते ती?"

"तुम्हाला ऐकू आलंय," मी म्हटलं.