गुरुजींची नावांची वही

आमच्या गुरुवारच्या बायबल-वर्गाचे किस्से सांगून संपतच नाहीत. एक सांगावा, तर दोन नवे तयार! लोक हसतात. पण खरं सांगतो, घडताना मी प्रत्येक वेळी घाबरलेलो होतो.

सुरुवात केली गुरुजींनी. रिटायर्ड मास्तर, हिब्रू शब्दांचा जाडजूड कोश बाळगणारे. म्हणाले, "शास्त्रात आधी काहीतरी घडतं, मग जागेला नाव पडतं. याकोबाला देव स्वप्नात दिसला, म्हणून बेथेल. म्हणजे देवाचं घर!" झालं, त्यांनी एक वहीच केली. आमच्या जागांनाही तशी नावं द्यायची!

*

सडक अर्जुनीच्या वळणावर एक ट्रक माझ्या मोटारसायकलला घासून गेला. मी कशीबशी गाडी कडेला घेतली. मागे बसलेल्या गुरुजींनी लगेच वही काढली. "अखोर! संकटाचं खोरं."

"गुरुजी, तिथं तर ढाबा आहे!"

आता त्या वळणावर मागून बायको ओरडते, "अखोर आला, हळू!"

*

वर्गातल्या दोघा भावांचं बोअरच्या पाण्यावरून वाजलं. धाकट्यानं कुऱ्हाड उचलली. मी डोळे मिटूनच मध्ये पडलो.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "इसहाकाच्या विहिरीवर असंच भांडण झालं, तिचं नाव एसेक, म्हणजे कलह. मग त्यानं लांब जाऊन नवीच खणली. रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा."

थोरला म्हणाला, "गुरुजी, पहिले ऐसपैस जागा द्या, मंग बोर मारतो!"

*

पुढे पुढे वही दिसली की लोक वाट बदलायचे. वर्गातल्या सुशीलामावशी तळ्याच्या पायरीवर घसरल्या. गुरुजी भेटायला आले, तर मावशी खाटेवरूनच ओरडल्या, "काऊन आले वही घेऊन? काही झालं नाही मले! नुसता पाय मुरगळला!"

*

मोहफुलांच्या दिवसांत आमचा दयाराम पहाटे जंगलात गेला, तो दुपारपर्यंत परतला नाही. त्या भागात वाघ फिरत होता. त्याची बायको रत्ना रिकामी टोपली धरून दारात उभी होती. आम्ही डबे बडवत निघालो. मला प्रार्थनाही सुचेना.

दयाराम मोहाच्या झाडावर सापडला. वाघ सकाळभर खाली बसून त्याच्याकडे बघत होता, डब्यांच्या आवाजानं नुकताच निघून गेला होता. दोघांनी धरून त्याला खाली उतरवला.

गुरुजींचे डोळे भरून आले. त्यांनी वही उघडली. "याकोबानं देवाला तोंडोतोंड पाहिलं आणि तो वाचला. त्या जागेचं नाव पनीएल, देवाचं मुख. दयाराम, या झाडालाही..."

दयारामनं त्यांचा हात धरला.

"नाव नोका ठेवू, गुरुजी. उद्या मले तेथंच मोहं वेचाले जाचं हाये."