हे काळीज तिओदोसिओचं नाही

सातुर्निना ओरेयाना माणसांचे चेहरे विसरते. बाजारात शेजारणीलाच "आपण कुठल्या?" म्हणून विचारते. पण एकदा तिच्या यंत्राखालून गेलेलं काळीज ती विसरत नाही. मिस्केच्या खोऱ्यातल्या आमच्या दवाखान्यात ती एकोणीस वर्षं इको काढते, म्हणजे यंत्राने हृदयाचं चालतं चित्र पडद्यावर पाहते, आणि मी तिच्या हाताखाली नर्स आहे. तिला आपल्या कामाचा गर्व आहे. तो असावाच, असं माझं मत आहे.

आमच्याकडे मातीच्या भिंतींत विंचुका नावाचा किडा असतो. लहानपणी तो चावतो आणि त्याचा आजार वीस-तीस वर्षं हृदयात गुपचूप बसून राहतो. माणूस ठणठणीत दिसतो, मग एक दिवस चार पावलांत धाप लागते, पाय सुजतात. तोवर उशीर झालेला असतो. सातुर्निनाला ते आधी दिसतं. हृदयाचं खालचं टोक जरा सुस्तावलं, की हे पुढे दगा देणार असं ती सांगून टाकते.

पण हा आजार सापडला की नोकरी हातची जाते. म्हणून नोकरीच्या तपासणीला लोक घरातला किडा न चावलेला भाऊ पाठवतात. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. खरं सांगते, मलाही वाटत नव्हतं.

त्या मार्चमध्ये तिओदोसिओ कामाचोला कोचाबांबा शहराच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागायचं होतं. हृदयाचा दाखला हवा होता. आला त्याचा भाऊ आबुंदिओ, तिओदोसिओचं ओळखपत्र घेऊन. मी त्याला ओळखलं आणि गप्प बसले. तिओदोसिओला तीन पोरं होती.

सातुर्निनाने त्याला डाव्या कुशीवर निजवलं, छातीला जेल लावलं आणि जेमतेम दहा सेकंद पडद्याकडे पाहिलं.

"हे कुणाचं?"

"माझंच की, दोन्या सातुर्निना. तिओदोसिओचं."

"त्याचं टोक गेल्या वर्षी फुगलं होतं. हे तर छान आवळतंय."

"तुमच्या हाताचा गुण!"

"हाताच्या गुणाने नवं टोक उगवत नाही, लबाडा. ऊठ. भाऊ कुठाय?"

"चौकात... बाकावर बसलाय."

मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू गं? तुला तर चेहरे कळतात ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हाताचं जेल न पुसताच ती चौकात गेली आणि तिओदोसिओला बाहीला धरून घेऊन आली. तो निजला. टोक आणखी पातळ झालं होतं आणि बाकीचं हृदयही गेल्या वर्षीपेक्षा मंद हलत होतं.

"किती दिवस राहिले?" त्याने विचारलं.

"दिवस कसले मोजतोस? धाप नाही, सूज नाही. आता बाकीचं हृदयही मंदावलंय, म्हणून आजपासून गोळ्या सुरू. तुझ्यासारखे कितीतरी मी दहा-दहा वर्षं चालते-फिरते ठेवलेत. पण भावाचं चित्र तुझ्या नावावर लागलं असतं, तर हृदय चांगलं आहे असं समजून तुला उपचाराला परत कुणी बोलावलंच नसतं."

"आणि बस?"

"बस नाही. घाटात तुला भोवळ आली तर मागच्या चाळीस जणांनी काय करायचं?"

तो भिंतीकडे तोंड करून हुंदके देत रडला. सातुर्निनाने यंत्र छातीवरून उचललं नाही. "रड, पण हलू नकोस," एवढंच म्हणाली. तिचा आवाज मात्र मऊ झाला होता.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले. आबुंदिओ दारातच खाली मान घालून उभा होता.

"तुझ्याकडेही लायसन्स आहे ना?" तिओदोसिओ त्याला म्हणाला. "ती बस तू घे. आणि या वेळी स्वतःच्या नावाने जा."

मी दाखल्याचा नवा कागद पुढे ओढला आणि त्यावर आबुंदिओचं नाव लिहिलं.