मेट्रनबाईंची चहादाणी

आखाती युद्धाच्या काळात रियाधमध्ये, माझ्या माहितीप्रमाणे, विषारी वायू एकाच घरात निघाला. ते घर आमचे होते.

बाबा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. युद्धाची चिन्हे दिसताच त्यांच्या इंग्रज मेट्रनबाई मायदेशी निघाल्या आणि आपल्या पणजीची चांदीची चहादाणी विश्वासाने आमच्याकडे ठेवून गेल्या. लंडनच्या कुणा जुन्या कारागिराची घडण. पण बुडाचे शिक्के इतके काळवंडलेले, की तो कोण हे त्यांच्या घराण्यात कुणालाच ठाऊक नव्हते. मी नुकतीच रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले होते (पहिल्या वर्गात, हे आई पाहुण्यांना दारातच सांगत असे). त्या कारागिराचा छडा मी लावणार, असे मी जाहीर केले.

आई चिंच भिजवू लागली. मी तिला थांबवले. घासून चांदी झिजते. काळा थर रासायनिक रीतीने पुन्हा चांदीत बदलायचा असतो! पातेल्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, तिच्यावर चहादाणी, वरून उकळते पाणी आणि खाण्याचा सोडा. सोडा घरात भरपूर होता. वायुहल्ला झालाच तर दाराखाली सोड्याच्या पाण्यातले टॉवेल लावायचे, म्हणून बाबांनी तो साठवला होता.

तेवढ्यात सायरन झाला. प्रयोग अर्धवट सोडणे शास्त्राला शोभत नाही; म्हणून पातेल्यासकट मी आमच्या सुरक्षित खोलीत शिरले. बाबांनी दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या. थोड्या वेळाने आई म्हणाली, “नासक्या अंड्याचा वास येतोय.”

बाबांनी एकदा हुंगले आणि स्वतःसकट आम्हा तिघांना हॉस्पिटलने दिलेले गॅस मास्क चढवले. वायू आत शिरलाच आहे, आता बाहेर पळायचे, असे ठरवून ते पट्ट्या ओरबाडू लागले. बाहेर क्षेपणास्त्र, आत मी! काळ्या थरातले गंधक वायुरूपाने बाहेर पडते, या उत्तराला मला परीक्षेत पूर्ण गुण होते. आठवले मात्र आत्ता.

मास्क वर करून मी म्हणाले, “बाबा, दार उघडू नका. हल्ला या पातेल्यातून होतोय.”

बाबांनी मास्क न काढताच पट्ट्या पुन्हा चिकटवल्या.

पण चहादाणी लखलखत बाहेर आली! बुडाशी सिंह उमटला आणि शेजारी शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत कारागिराची दोन आद्याक्षरे.

युद्ध संपल्यावर परतलेल्या मेट्रनबाईंनी तो शंकरपाळा चष्मा लावून दोनदा पाहिला. तशी चौकट कारागीर बाईचीच असते, म्हणाल्या. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या कुणा कारागीर बुवाचे गुणगान करत आले होते. माझी मान ताठ झाली, बाबांचीही.

चहादाणी कशी साफ केलीस, असे त्यांनी कौतुकाने विचारले. मी इंग्रजीत इलेक्ट्रोकेमिस्ट्री जुळवत होते, तेवढ्यात चहा ओतता ओतता आई म्हणाली, “विथ मास्क.”