हा कोड आधीच वापरात आहे

परभणीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. फोटो नवरा काढतो आणि कॉम्प्युटर मी सांभाळते, त्यामुळे कौतुक त्याच्या वाट्याला येतं आणि तक्रारी माझ्या. लग्नसराई संपली की आम्ही शाळांची कामं घेतो. मुलांचे फोटो काढायचे, त्यातूनच ओळखपत्रं छापून द्यायची.

आता पालकांना फोटो मोबाईलवरही लागतात, म्हणून एक सॉफ्टवेअर घेतलं. शाळेनं दिलेली यादी त्यात टाकली की ते प्रत्येक मुलाला एक कोड देतं. तो चिठ्ठीवर छापून मुलांना वाटायचा. पालकांनी मोबाईलवर कोड टाकला की फक्त आपल्याच लेकराचे फोटो उघडतात. कोड तयार होतो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, आडनावाचं एक आणि जन्मतारीख मिळून. हे ज्यानं कुणी ठरवलं, तो आमच्याकडच्या शाळेत शिकलेला नसणार. आमच्या वेळी गुरुजी पोराकडं नुसतं बघून वय ठरवायचे आणि जन्मतारीख लिहून टाकायचे, एक जून. माझी एक जून, नवऱ्याची एक जून. घरात एकाच केकवर दोघांचं भागतं. तेव्हा हे सॉफ्टवेअर असतं तर अर्ध्या वर्गाचे फोटो एकमेकांच्या घरी गेले असते. हल्लीच्या मुलांकडं दवाखान्याचे दाखले असतात, तारखा खऱ्या असतात, म्हणून मी निर्धास्त होते.

पालमच्या एका शाळेच्या चिठ्ठ्या वाटून झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"जय भीम ताई. पालमहून बोलायलेय. माझ्या दोन पोरी हायत, जुळ्या. थोरलीला चिठ्ठी भेटली, धाकटीला न्हाईच. थोरलीचा कोड टाकला तर दोघींचे बी फोटो तिच्याच नावावर दिसायलेत. धाकटी कालपासून तोंड फुगवून बसलीय. म्हणायलीय, मी शाळेत हाय का न्हाई?"

मी यादी उघडली. जुळ्यांची नावं ठेवताना ती जोडीनं शोभावीत अशी आपल्याकडं हौस असते. या दोघींच्या नावांची सुरुवात सारखी होती, शेपूट तेवढं वेगळं. आडनाव एक, जन्मतारीख एक. म्हणजे कोडही एकच. सॉफ्टवेअरला वाटलं, हे नाव चुकून दोनदा आलंय. त्यानं दुसरं नाव गाळून टाकलं आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. बरं, सॉफ्टवेअरला डोळे नसतात. फोटो काढताना यादीतलं नाव स्क्रीनवर बघून बटण दाबणाऱ्या माझ्या नवऱ्याला तर आहेत!

"दुसरी पोरगी समोर आली तेव्हा तिचं नाव स्क्रीनवर नव्हतं, ते तुमाला दिसलं न्हाई का?" मी विचारलं.

"मला वाटलं पहिलीच फिरून आली," तो म्हणाला. "म्हणलं हौस असंल पोरीला, काढून देऊ."

असा हा फोटोग्राफर. अंगाचा तिळपापड झाला माझ्या, पण ओळखपत्रं अजून छापायला गेली नव्हती, हे नशीबच. तशीच गेली असती तर एकाच नावाची दोन ओळखपत्रं निघाली असती आणि ती पोरगी वर्षभर बहिणीचं नाव गळ्यात घालून हिंडली असती.

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. तिकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, कोडच्या शेवटी एक आणि दोन लावा, विषय संपला." विषय तिथूनच सुरू झाला. मी पालमला फोन करून विचारलं, एक कुणाला देऊ? आई म्हणाली, आमच्या माहेरी मागून जन्मलेलीला थोरली धरतात. तिच्या पाठीमागून वडिलांचा आवाज आला, दाखल्यावर जिची वेळ आधीची ती थोरली, त्यात वाद कशाला? आणि त्या दोघांच्याही वरताण एक बारीक आवाज ऐकू आला, "मी दोन न्हाई! मला दोन नको!"

मला त्या आवाजाची दया आली. शिवाय दोघींचे फोटो एकत्र झाले होते, ते निवडायला घरचं माणूस लागणारच होतं. मी म्हटलं, शनिवारी शाळा सुटली की दोघींना घेऊन या.

एसटीनं सगळे आले. वडील टपाल खात्यात, त्यामुळे नाव आणि पत्ता याबाबतीत फार काटेकोर. आल्या आल्या त्यांनी मला समजावलं, "म्याडम, टपाल चुकलं तर परत पाठवता येतं. माणूस कुठं पाठवायचं?" मग ते चार्जर घ्यायला पलीकडच्या दुकानात गेले. मी फोटो मोठे करून लावले आणि आई एकेक सांगू लागली. ही थोरली. ही धाकटी. ही थोरली. मी मनातल्या मनात हात जोडले, कारण मला तर दोघी समोर बसल्या असूनही ओळखू येत नव्हत्या. तोच गणवेश, त्याच वेण्या, तीच हनुवटी.

एका फोटोवर आई थांबली. पुढं वाकली, मागं सरकली. "ही... ही थोरलीच हाय."

"न्हाई! ती मीच हाय!"

धाकटी खुर्चीवरून उठली होती. "बघ की मम्मी. रिबीन वाकडी हाय. त्या दिवशी तू भाकरी करायलती, मी माझी मीच बांधली."

रिबिनीची गाठ खरंच कानाकडं कलंडलेली होती. आईनं पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. आईलाच चकवा बसतो तिथं सॉफ्टवेअरला काय बोल लावणार? नवऱ्यावरचा माझा रागही तिथंच विरघळला, पण ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये हातानं कोड टाकायची सोय असते. मी दोघींची नावं वेगवेगळी भरली, फोटो जिचे तिला लावून दिले आणि धाकटीला विचारलं, "बोल, तुझा कोड काय ठेवू? एक नको, दोन नको. तुला आवडंल तो."

तिनं क्षणभरही विचार केला नाही. "मीच."

मी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. सॉफ्टवेअरनं निमूटपणे घेतलं.

तेवढ्यात वडील आले. मोबाईल काढून त्यांनी लेकीला विचारलं, "झालं का? कोड काय हाय?"

"मीच."

"व्हय, तूच. पण कोड काय?"

"मीच!"

"आगं, कोड कुणाचा ते न्हाई विचारायलो. कोड काय हाय?"

"पप्पा, मीच! मीच!"

आई पदर तोंडाला लावून हसत होती, नवरा कॅमेरा पुसायचं सोडून हसत होता, आणि मलाही हसू आवरेना. शेवटी पोरीनंच मोबाईल हिसकावून घेतला आणि कोड टाकला. तिचं नाव आलं. खाली तिचे फोटो, तिचे एकटीचे. वाकड्या रिबिनीचा तिनं बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिली.

इतका वेळ खुर्चीत बसून असलेली थोरली आता माझ्या टेबलाला येऊन टेकली. "मावशी, मला बी तसला कोड पायजे. मला बी मीच द्या."

मी तिच्या समाधानासाठी टाइप केलं. स्क्रीनवर लाल पट्टी आली. काय लिहिलंय, म्हणून धाकटीनं विचारलं. मी वाचून दाखवलं, "हा कोड आधीच वापरात आहे."

"आधीच?" धाकटीनं विचारलं.

"व्हय. तुझा आधी आला."

तिनं बहिणीकडं असं पाहिलं, की दाखला, दवाखाना, माहेरची रीत, सगळा हिशेब तिथंच मिटला. थोरलीनं थोडा वेळ नखं कुरतडली. मग म्हणाली, "बरं. मंग माझा 'मी बी' टाका."