आग्या मोहोळाखालचा मांडव

आमचं बिछायतीचं दुकान होतं. बिछायत म्हणजे मांडव, कनाती, सतरंज्या, खुर्च्या, गंज-परातीपर्यंत सगळं. त्याआधी आमच्या घरी तलावातली मासेमारी चालायची. बाबांनी जाळं सोडलं, पण गाठी सोडल्या नाहीत. एकही खिळा न ठोकता नुसत्या दोरीवर मांडव उभा करणारा ब्रह्मपुरी-चिमूर पट्ट्यात आपल्यासारखा दुसरा नाही, असं लोक म्हणत की नाही ठाऊक नाही, बाबा मात्र नेहमी म्हणत. मी त्यांची एकुलती एक मुलगी. कनाती शिवायच्या, सतरंज्यांना ठिगळं लावायची आणि कामावरच्या माणसांवर डाफरायचं, ही माझी कामं. तिसरं मला विशेष जमायचं.

नव्वदीची शेवटची वर्षं असतील. धान कापून झालं की चिमूरच्या वाटेवरच्या एका गावात बौद्ध समाजाचा मोठा मेळावा भरायचा. तिथलं विहाराचं अंगण लहान, म्हणून मांडव समोरच्या पिंपळाखाली घालायचा असं ठरलं आणि काम आमच्याकडे आलं. तो पिंपळ दीक्षेनंतर गावाने आपल्या हाताने लावलेला. लावणाऱ्यांतले काही म्हातारे अजून त्याच्या पारावर बसत.

मी पहिल्यांदा त्या झाडाखाली उभी राहिले, मान वर केली आणि माझं तोंड बंद झालं. हे क्वचित घडतं. फांदीफांदीला आग्या मोहोळाची पोळी लोंबत होती, काळी, सुपाएवढी, काही तर खाटेएवढी. मी बघत असतानाच एका पोळ्यावरून लाट गेली. हजारो माश्यांनी एका पाठोपाठ एक अंग उचललं आणि खाली केलं, आणि ती चमक या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. आवाज काहीच नाही. मग शेजारच्या पोळ्यावरून तशीच लाट. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर हात जोडावेसेही वाटले. पोळी जाळायचा विषय गावाने कधी काढलाच नव्हता. या झाडाच्या आश्रयाला जे आलं त्याला हाकलायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

गावाचं म्हणणं थोर होतं, पण माझा बाप त्या झाडाखाली शिडी लावणार होता. आदल्या उन्हाळ्यात आलापल्लीकडच्या एका लग्नात त्यांना दोन माश्या डसल्या होत्या. दोनच. बघता बघता ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास घशात अडकला. जीपमध्ये त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी त्यांच्या छातीकडे बघत बसले होते, वर होते की नाही. दवाखान्यातले डॉक्टर नंतर म्हणाले, वेळेवर आणलंत. यापुढे एकसुद्धा डसता कामा नये. म्हणून मी हे काम सोडा म्हणाले, रुसले, जेवले नाही. बाबा म्हणाले, "त्या झाडाखाली खिळा ठोकाले जमत नाई. ठोकठोक केली का उठल्याच त्या. मंग माह्याबिगर कोन घालन तो मांडव?" यावर मी आणखी एक जेवण सोडलं.

कामाच्या आदल्या दुपारी मेळाव्याच्या समितीने सगळ्या कंत्राटदारांना आणि दुकानदारांना विहारात बोलावलं. जनरेटरवाला, कर्णेवाला, आचारी, भजेवाला, फुगेवाला, पुस्तकांचं दुकान लावणाऱ्या एक बाई आणि आम्ही. सूचना द्यायला समितीचे सचिव उभे राहिले. ते शाळेत मास्तर होते, सगळे त्यांना सर म्हणत. इस्त्रीचा सदरा, कानावर पेन, आणि बोलायची अशी पद्धत की ऐकणारा आपोआप मांडी घालून बसेल.

"धूर नको," सर म्हणाले. "बिडी नाही, चूल नाही, शेगडी नाही. स्वयंपाक तलावाच्या पाळीपलीकडे. जनरेटर शाळेमागे. कर्ण्याचं तोंड झाडाकडे नाही. उजेड वर मारायचा नाही. अत्तर लावून यायचं नाही. ठोकाठोक नाही, खड्डे पहारीने नाही, फावड्याने. फुगा फुटता कामा नये."

"फुगा काऊन फुटते ते फुग्यालेच माहीत, सर," फुगेवाला म्हणाला.

"मग फुग्यालाच घरी ठेव."

सर तेवढ्यावर थांबले नाहीत. प्रत्येकाने उठायचं आणि आपल्याला काय कळलं ते आपल्या तोंडाने सांगायचं, असा त्यांचा नेम. आचारी उठला आणि दुःखाने म्हणाला, "पाळीच्या इकडे फोडनी नाई." बाबा उठले. "ठोकाचं नाई. वरडाचं नाई. बिडी त मी ओढतच नाई." सगळे हसले, कारण बाबांच्या खिशातून बंडल डोकावत होतं.

मग सरांनी आमच्याच सतरंज्या अंगणात टाकायला लावल्या. माश्या उठल्याच तर पळायचं नाही, हात झटकायचे नाहीत, जिथे आहात तिथे आडवं व्हायचं आणि सतरंजी अंगावर ओढून घ्यायची. हे नुसतं सांगून भागलं नाही, सगळ्यांना करून दाखवावं लागलं. भरल्या पोटाचा आचारी सतरंजीखाली शिरला तेव्हा गावच्या बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. पुन्हा उठा, पुन्हा झोपा. माझ्या धुतलेल्या सतरंज्यांची माती होत होती आणि मी मनातल्या मनात सरांना शाळेच्या गेटाबाहेर उभं करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही कामाला लागलो. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी पुन्हा कधी पाहिली नाही. मांडवाच्या लाकडी बल्ल्या खांद्यावरून उतरत होत्या त्या तान्ह्या मुलाला पाळण्यात ठेवावं तशा. हाका नाहीत, हातवारे. सरांच्या हुकुमाने प्रत्येकाच्या पायाशी एक सतरंजी. फावडं मातीत जाताना येणारा आवाज तेवढा. जनरेटरवाला तर चपला काढून चालत होता. वर पोळ्यांवरून लाटा जात होत्या, खाली आम्ही दोऱ्या आवळत होतो, आणि मला वाटत होतं, आपण कोणाच्या तरी घरात पाहुणे आहोत आणि घरमालक वर बसून सगळं बघतो आहे.

आता चूक कशी झाली ते सांगते. मांडवाची पहिली मेढ रोवली की तिची पूजा करायची, ही आमच्या धंद्याची रीत. बाबा एरवी नारळ फोडत. इथे नारळ फोडायचा नाही हे त्यांना कळत होतं, परक्या दारी आपला हट्ट चालवायचा माणूस नव्हता तो. म्हणून त्यांनी मेढीला फूल वाहिलं, आणि विहारात अगरबत्ती लावतातच, तेव्हा अगरबत्ती लावली. एक काडी नाही. मेढीचा मान, पिंपळाचा मान, गावाचा मान, असं सगळं धरून अख्खा पुडा पेटवला आणि दोन्ही हातांत धरून झाडासमोर उभे राहिले. कोणी त्यांना अडवलं नाही. आम्ही सगळ्यांनी कामं थांबवून हात जोडले. सरांनीसुद्धा जोडले. बिडीचा धूर तो धूर, चुलीचा धूर तो धूर. अगरबत्तीला धूर म्हणायचं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

निळी रेघ सरळ वर गेली आणि सगळ्यात खालच्या पोळ्याला लागली. पोळं थरारलं. मग आवाज आला, अंगातून जाणारा, खोल. पोळ्याची काळी साय उसवली आणि हवेत पसरली.

"खाली," सर म्हणाले. ओरडले नाहीत.

आणि सगळे खाली गेले. एक किंकाळी नाही, एक पाऊल पळालं नाही. क्षणापूर्वी जिथे माणसं होती तिथे नुसत्या सतरंज्या. कालची ती हास्यास्पद उठबैस अशी कामाला आली.

पुडा घेऊन पुढे गेलेल्या बाबांजवळ सतरंजी नव्हती. ते मेढीशी एकटे उभे होते.

मी सतरंजीच्या फटीतून पाहत होते आणि उठायला निघालेच होते. शेजारी आडव्या झालेल्या पुस्तकवाल्या बाईंनी माझ्या पाठीवर अख्खा हात टाकून मला दाबून धरलं. "हालू नको बाई," त्या कानाशी म्हणाल्या. "तू पळत गेली का त्या तुह्यामागं येतीन, आन् मंग बापावर." मी दातांत पदर धरला.

पुडा अजून धुमसत होता. खाली वाळलेली पानं, टाकावा तरी कुठे? हात झटकायचे नाहीत. बाबांनी काय केलं, त्यांनी उजवी मूठ हळूच वर सरकवली आणि जळती टोकं मुठीत बंद केली. धूर थांबला. चेहरा हलला नाही. माश्या त्यांच्या सदऱ्यावर उतरल्या, मानेवर उतरल्या, एक तर भुवईवर चालत होती. एक डंख, एकच, आणि मला बाप उरणार नव्हता. मी कोणत्याही देवाचं नाव घेतलं नाही. मी त्या माशीशीच बोलत होते, जा माय, जा.

किती वेळ गेला कोण जाणे. आवाज हळूहळू वर सरकला. भुवईवरची उडाली. सदऱ्यावरच्या एकेक करून उठल्या. पोळं पुन्हा भरत गेलं, काळं, जड, आणि मग त्याच्यावरून पहिल्यासारखी एक लाट शांतपणे निघून गेली.

सरांनी हात केल्यावर आम्ही उठलो. मी बाबांना विहाराच्या ओट्यावर नेलं, चारचौघांत त्यांचा सदरा काढला आणि मान, कान, पाठ, काख, बोटाबोटाने तपासलं. एकही डंख नव्हता. तेव्हा मला इतका राग आला की मी रडत रडत त्यांच्या खांद्यावर दोन बुक्के मारले.  त्यांची उजवी मूठ अजून मिटलेलीच होती. मी ती बादलीच्या पाण्यात धरली आणि एकेक बोट सोडवलं. तळव्यावर राख होती आणि राखेखाली कातडी गेलेली.

तोवर दगडासारखा उभा राहिलेला तो माणूस आता कापायला लागला. 

"आता भेव लागून राह्यलं वं मले," बाबा म्हणाले.

"लागू दे," मी म्हटलं, आणि त्यांचं मनगट पाण्यात तसंच धरून बसले.